जनावरं कुणी सोडली

“आजोबा, कुठं निघालात? आत परीक्षा चाललीय.”

“तिच्यासाठीच आलोय की. माझ्या पोरीची हाय.”

“मग बाहेर बाकड्यावर बसा.”

“बाकड्यावर कशाला? चार वर्सं म्याबी अभ्यास केलाय,” असं म्हणून आबा शिपायाच्या आडव्या हाताखालून वाकले आणि थेट हॉलमध्ये आले. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. चपला त्यांनी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

मी पुढे उभी होते. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मी आबांना बोलावलं नव्हतं. निकाल फोनवर सांगते, एवढंच म्हटलं होतं. जतकडच्या आमच्या गावातून पहाटेची एसटी धरून, सांगलीत गाडी बदलून ते आपले आपण आले होते. मला लाज वाटली नाही, असं लिहायला आवडलं असतं. थोडी वाटली.

ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. जन्मभर कळपाच्या मागून चाललेल्या माणसाला मागचीच जागा सुचते. थंडगार हवा सोडणाऱ्या यंत्राकडं त्यांनी एकदा पाहिलं, घोंगडी अंगाभोवती लपेटली आणि मला मानेनं खूण केली. चालू दे.

माझा विषय होता नरसंहाराचा समाजशास्त्रीय अभ्यास. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, त्याबद्दलच्या छापील साक्षी मी चार वर्षं वाचत होते. साधी माणसं, शेती करणारी, एकमेकांच्या लग्नात जेवलेली, ती हे कसं करतात, हा माझा प्रश्न. सांगलीच्या कॉलेजात शिकवून शनिवारी मी गावी जायची. आई म्हणायची, “आलीच हायस तर आबाच्या मागनं जा, घरात बसून कागद कुरतडू नगंस.” मग मी मेंढरांच्या मागे जायची. चालता चालता आठवडाभर वाचलेलं आबांना सांगायची. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं, की आबांना सांगताना अवघड शब्द वापरता येत नसत आणि मग मला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, “नरसंहार म्हंजी?”

मी सांगितलं.

“संहार देव करत्यात,” ते म्हणाले. “माणसाला कुटनं आली एवढी ताकद?”

“एकट्याला नाही येत आबा. सगळे मिळून केलं की येते. आणि वरून कुणीतरी सांगावं लागतं. तिथं रेडिओवरून सांगत होते. अमके लोक म्हणजे झुरळं आहेत, त्यांना संपवा.”

आबांच्या गळ्यात दोरीनं बांधलेला छोटा रेडिओ असायचा. सांगली आकाशवाणीवर भजनं आणि हवामान ऐकायचा त्यांना नाद. त्यांनी रेडिओ हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि बंद केला. दोन दिवस तो बंदच होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा लावला. “ह्याचा काय दोस,” म्हणाले, “पर ध्यान ठिवायला पायजे.”

आबांचं नाव धुळा. शाळेत ते दोन वर्षं गेले. बापाची मेंढरं होती, ती त्यांच्याकडं आली; शंभराच्या वर होती तेव्हा, पुढं कमी होत गेली. किती होती ते आबांनी मला कधी सांगितलं नाही. आमच्यात कळप मोजत नाहीत. कुणी विचारलं तर ‘हायत की’ म्हणायचं. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यायची, तेव्हा आबा जाळीच्या तोंडाशी उभे राहत. आत जाणाऱ्या एकेका पाठीला हात लावत. भुरी. बांडी. लांडी. कानतुटकी. म्हातारीची धाकटी. एक मेली, की तिचं नाव तिच्या पोरीकडं जाई. शेवटचं आत गेलं, की म्हणत, “आली समदी,” आणि तोंड बांधत. लहानपणी मी शेजारी उभी राहून बोटांवर मोजायची, तर हातावर चापटी बसायची.

“मोजू नगंस. बघ.”

“मोजल्याशिवाय कसं कळणार, सगळी आली का?”

“आई घरच्या माणसास्नी मोजून जेवाय वाढती व्हय?”

मला ती अंधश्रद्धा वाटायची. मग प्रबंधाचं तिसरं प्रकरण आलं. ते आकड्यांबद्दल होतं. मेलेले किती? कुणी पाच लाख म्हणतं, कुणी आठ, कुणी त्याहून जास्त. अभ्यासकांत त्यावर मोठा वाद आहे आणि तो वाद मी फार मेहनतीनं मांडला होता. बाभळीखाली बसून आबांनी तो सगळा ऐकला.

“म्हंजी तीन लाख माणसं व्हती का नव्हती, ह्येच ठावं न्हाई?”

“मोजायला कुणी उरलं नव्हतं आबा.”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. माझ्या जन्माआधीची. हिवाळ्यात कळप घेऊन कृष्णाकाठाकडं जाताना कवठे महांकाळजवळ रस्त्यावर दुसऱ्या एका धनगराचा कळप समोरून आला आणि दोन्ही कळप एकमेकांत शिरले. ओरडाआरडा करून वेगळे केले. आबांचे थोरले भाऊ तात्याबा तेवढ्यापुरता नियम मोडून मोजायला बसले. आकडा बरोबर भरला. निघाले. संध्याकाळी जाळीच्या तोंडाशी आबांचा हात थांबला. लांडी नव्हती. तिच्या जागी तेवढ्याच अंगाची एक परकी मेंढी होती.

“तात्याबा म्हनं, आकडा बराबर हाय, आता कशाला मागं फिरतूस? म्या म्हनलं, आकडा बराबर हाय, लांडी न्हाई. दोन दिस चाललो मागं. त्यो गडी गावला तर त्योबी निवांत झोपल्याला. त्यानंबी मोजली व्हती. त्याचाबी आकडा बराबर!” आबा हसायला लागले. “दोगांचंबी बराबर, आन् दोन मेंढ्या परक्याच्या घरी!”

“त्यानं ओळखली नाही?”

“त्यो मोजनाऱ्यातला व्हता,” आबा म्हणाले. एवढा एक शिक्का त्यांच्या दृष्टीनं पुरेसा होता.

तर अशा माणसासमोर माझी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक मूळचे साताऱ्याचे, पण नोकरी सगळी दिल्लीत झालेली. त्यांनी पाऊण तास मला तावून सुलाखून घेतलं. आकड्यांबद्दल विचारलं, जमात लिहिलेल्या ओळखपत्रांबद्दल विचारलं, आज्ञा पाळणं आणि मनापासून करणं यांतल्या फरकाबद्दल विचारलं. मी ठीक उत्तरं दिली. माझ्या मार्गदर्शक बाईंचा चेहरा सैल झाला. शेवटी रिवाजाप्रमाणे परीक्षक म्हणाले, “उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?”

असं विचारतात ते उठण्यासाठी. सगळ्यांनी खुर्च्या मागे सरकवायला सुरुवात केलीच होती.

“आवं सायेब, म्या इचारू का येक?”

आवाज शेवटच्या रांगेतून आला होता.

“विचारा की,” परीक्षक म्हणाले. इतका वेळ इंग्रजीत बोलणारा तो माणूस एकदम साताऱ्याचा झाला.

आबा उभे राहिले. पटका सारखा केला. “ह्या पोरीनं मला चार वर्सं मारनारी सांगितली. मेल्याली सांगितली. बघत बसल्याली बी सांगितली. पर येक सांगितलं न्हाई. त्या लोकांकडं गुरं व्हती म्हनती. मग धनी मेल्यावर दुसऱ्या दिशी सकाळी जनावरं कुणी सोडली?”

कुणी हसलं नाही. आबांना वाटलं, समजलं नसावं. म्हणून ते समजावून सांगू लागले. “न्हाई, दाव्याचं जनावर सोडलं न्हाई तर गप ऱ्हात न्हाई. पान्यासाठी हंबरतंय. वासरू आत, गाय भाईर आसंल तर मग बघायलाच नगं. दोन दोन शिवारं ऐकू जातंय. माणूस मेला म्हंजी वराडत न्हाई, म्हनून कुनी म्हनंल, आमाला ठावं नव्हतं. पर जनावर वराडतंय. म्हंजी आख्ख्या गावाला ऐकू आलं आसनार. मग कुनी तरी उठून ग्येलं का न्हाई सोडाय?”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग माझ्याकडं पाहिलं. “आहे उत्तर?”

“नाही सर,” मी म्हणाले. “मी हा प्रश्न साक्षींना विचारलाच नाही.”

“आम्हीही नाही विचारला,” ते म्हणाले आणि उठून शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन त्यांनी आबांना नमस्कार केला. मला पदवी मिळाली.

परतताना एसटीत आबांनी दोन केळी काढली, एक मला दिलं. गाडी मिरज ओलांडून गेल्यावर हळूच विचारलं, “माझ्यापायी मार्क तर न्हाई ना कापलं?”

“नाही.”

“मग झ्याक. उत्तर सांग कवा तरी. घाई न्हाई.”

त्याला आता सहा वर्षं झाली. मी उत्तर शोधलं. साक्षी पुन्हा सगळ्या वाचल्या, या वेळी फक्त गुरांसाठी. सापडलं ते असं, की बहुतेक ठिकाणी गुरं मारून खाल्ली, उरलेली वाटून घेतली. मी फोनवर आबांना सांगितलं.

“खाल्ली आसतील,” ते म्हणाले. “पर समद्याच गावांत, समद्यांनीच? एकानं तरी नुसती सोडली आसतील. पानी पाजलं आसंल. तू त्येला हुडक.”

“तसं कुणी लिहून ठेवत नाही आबा. कुणी माणसं लपवली, ते विचारलंय लोकांनी. गुरं कुणी सोडली ते कोण विचारणार?”

“तू इचार की.”

दर खेपेला गावी गेले की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. “गावला का त्यो?” जणू मी हरवलेल्या मेंढीच्या मागावर होते. मला तो माणूस कधी सापडला नाही. आबांना तो आहेच याची खात्री होती. त्यांच्या खात्रीचा मला तेव्हा किंचित रागही येई. माझ्याकडं चार कपाटं पुरावा होता आणि तो सगळा त्यांच्या विरुद्ध होता.

आणि त्यांचा स्वतःचा शेजार तरी कुठं असा होता? आमच्या रानाला लागून नाथाजीकाकांचं रान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पूर्वी सुगी झाली की ते आबांची मेंढरं तीन-तीन रात्री आपल्या रानात बसवून घेत, खतासाठी. आईला ज्वारी देत, मला फौजेच्या कॅन्टीनमधलं बिस्कीट. मग कालव्याचं पाणी आलं. नाथाजीकाकांनी ऊस लावला, खत पोत्यातून आणलं आणि ओढ्याकडं जाणारी मेंढरांची वाट तार ठोकून बंद केली. एके दिवशी बांडी तारेतून आत घुसली. त्यावरून दोघांची जुंपली. शेवटी नाथाजीकाका म्हणाले, “धुळा, आता मेंढरांचं दिस ग्येलं. इकून टाक.” शिवी दिली असती तर आबांनी सोडून दिली असती. पण त्या दिवसापासून सात वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. आबा लांबून वळसा घालून कळप पाण्यावर नेत आणि त्या तारेकडं बघतसुद्धा नसत.

एवढं एक सोडलं, तर आबा समाधानी माणूस होते. गेलेल्या माणसाबद्दल असंच बोलायचं असतं म्हणून हे लिहीत नाही. त्यांना भाकरी आवडायची, थंडीतलं ऊन आवडायचं, आईनं केलेली टिंगल आवडायची. “डाक्टरीन बाईचा बाप आन् अंगाला मेंढराचा वास,” आई म्हणे. “मग डाक्टरीन कुटल्या वासात वाढली?” ते म्हणत.

यंदा माघ महिन्यात, एका सोमवारी सकाळी, मेंढरं सोडायच्या आधी ते जाळीजवळ छातीला हात लावून खाली बसले. आईनं गावातली जीप बोलावली. जतला नेलं, तिथून मिरजेला. मी सांगलीहून पोचले तेव्हा त्यांना नळ्या लावलेल्या होत्या. आई कोपऱ्यात पदराला गाठी मारत बसली होती. दोन दिवस आम्ही दोघी तिथंच होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा एकदम जागे झाले. नजर स्वच्छ होती.

“मेंढरं?”

आईनं आणि मी एकमेकींकडं पाहिलं. दोन दिवसांत आम्हा दोघींपैकी कुणाच्याही मनात ती आली नव्हती. जाळीचं तोंड बांधलेलं, आत मेंढरं, गावात भाऊबंदांचं म्हणावं असं घर उरलेलं नाही.

“सोडली आसतील,” आई म्हणाली.

“कुनी?”

आईनं मान खाली घातली. मी खोटं बोलू शकले असते. पण ते माझ्याकडं बघत होते आणि मला तो हॉल आठवला.

“माहीत नाही, आबा.”

ते थोडे हसले. माझ्या न येणाऱ्या उत्तराची त्यांना सवय होती. “कुनी तरी सोडली आसतील,” म्हणाले आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. माझ्या मात्र डोक्यात रात्रभर जाळी होती. बुधवारी उजाडता उजाडता ते गेले.

आबांना घेऊन येणारी गाडी कालव्याच्या वळणावर आली तेव्हा मी खिडकीची काच खाली केली. आवाज कुठून येतो ते ऐकायला. काहीच आवाज नव्हता. मेंढरं दोन दिवसांच्या तहानेनं गप्प झाली असतील, असं मला वाटलं. घराशी गाडी थांबताच मी आधी जाळीकडं गेले. ते बरोबर नव्हतं, पण गेले. जाळी रिकामी होती. तोंडाची दोरी सोडून नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेली.

दुपारी माती झाली. सगळं गाव होतं. नाथाजीकाका नव्हते. “बघा, माणूस मातीत ग्येला तरी ह्याची तार निघंना,” कुणीतरी म्हणालं. मीही मनात तेच म्हणाले. मेंढरांबद्दल मी दोघातिघांना विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. जो तो म्हणाला, आम्हाला वाटलं दुसऱ्या कुणी नेली असतील.

हे वाक्य मी चार वर्षांत कितीतरी साक्षींमध्ये वाचलं होतं.

ऊन उतरलं तेव्हा धुळीचा वास आला. मी बाहेर आले. ओढ्याच्या बाजूनं, सात वर्षं बंद असलेल्या वाटेनं, कळप येत होता. मागे नाथाजीकाका. फौजेतलं हिरवं स्वेटर, काठी बंदुकीसारखी खांद्याला लावलेली. तार तोडून दोन्ही बाजूंना मागे वळवलेली लांबूनही दिसत होती.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“सोमवारी सकाळधरनं वराडत व्हती,” ते म्हणाले. “दहा वाजंपतूर ऐकलं. म्हनलं, येईल कुनी तरी. मग काय ऐकवंना. दोन राती माझ्या गोठ्यात ठिवली.” त्यांनी काठीच्या टोकानं माती उकरली. “मातीला आलो न्हाई पोरी. राग मानू नगंस. ही कुनावर टाकून यिऊ? माझ्या उसातच शिरली असती.”

“काका, तार—”

“असू दे. गंजली व्हती.” मग जरा ताठ झाले. “बावीस हायत. तीन डाव मोजली. बघून घे.”

पन्नास वर्षं आबांनी जो आकडा तोंडातून काढला नव्हता, तो नाथाजीकाकांनी मला असा हजेरीसारखा दिला. आबा असते तर म्हणाले असते, मोजनाऱ्यातला! आणि मग त्यांना आत बोलावून चहा पाजला असता. काकांना तसं सांगावं असं वाटलं. तेवढ्यात आईनं आतूनच हाक मारली, “नाथा भाऊजी, हात धुवून घ्या, च्या टाकते.” सुतकाच्या घरचा चहा. ते हात धुवायला रांजणाकडं गेले.

मी जाळीच्या तोंडाशी उभी राहिले. मेंढरं आपण होऊन यायला लागली. मी एकेका पाठीला हात लावला. भुरी. बांडी. म्हातारीची धाकटी. लोकर उन्हानं अजून गरम होती. मी मोजलं नाही. लागलं नाही मोजायला. प्रत्येकीचं तोंड मला ठाऊक होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी कानतुटकी आत गेली.

काकांचा आकडा बरोबर होता. पण एकही मेंढी खाली बसली नाही. सगळी जाळीच्या तोंडाकडं तोंड करून उभी राहिली, माझ्या मागच्या वाटेकडं बघत.

मी दोरी हातात घेतली होती. ती तशीच धरून, तोंड न बांधता, मीही थोडा वेळ त्यांच्याबरोबर उभी राहिले.